उलटा करून गुणा

सोहारमध्ये रात्रीचे अकरा वाजून दहा.
अर्ज बंद व्हायला पन्नास मिनिटं
आणि सातव्या पानावर एक चौकोन अजून रिकामा:
'संशोधनाची गरज, तीनशे शब्दांत.'

मी लिहिते, खोडते. पुन्हा लिहिते:
'अपूर्णांकांच्या भागाकाराविषयी
प्राथमिक शिक्षकांच्या संकल्पनात्मक आकलनातील तफावत...'
एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत.
वाक्य कोरडं ते कोरडंच.

खरं तर गरज एवढीच होती:
मार्चमध्ये, प्रशिक्षणाच्या वर्गात,
एकवीस वर्षं नोकरी झालेली शैखा अल-मामरी
हात वर करून म्हणाली,
"उस्ताझा, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा,
हे मी हजारेक मुलांना शिकवलं.
उलटा का, ते मला कुणी सांगितलंच नाही."
चाळीस बायका. कुणी हसलं नाही.
मी तर नाहीच.
विट्याच्या शाळेत मीही तो नियम
एरंडेलासारखा घेतला होता, नाक दाबून.

पुढच्या आठवड्यात ती घेऊन आली
घरची पातळ, कुरकुरीत रोटी आणि एक कात्री.
"अर्धी रोटी. तुकडा आठव्या हिश्शाचा. किती जणींना?"
"चार," कात्री उघडायच्या आत उत्तर.
"मग भागलं, तरी वाढलं कसं?"

मला आठवले हळदीच्या अडतीवरचे मामा,
तराजूकडे न बघता पुटपुटणारे:
एक पाव पाव, बे पाव अर्धा,
तीन पाव पाऊण...
त्यांना विचारायला हवं होतं. त्यांना ठाऊक असणार.

पण 'पूर्वतयारीची माहिती' या रकान्यात
रोटी चालत नाही, मामा तर नाहीतच.
मी लिहिते: 'पथदर्शी अभ्यास, चाळीस सहभागी, मूर्त साधने.'
खर्चात लिहिते: बुरैमीपर्यंतचं पेट्रोल,
दोन शाळांचं ध्वनिमुद्रण, कात्र्या चाळीस.

मग नववं पान. बारीक अक्षरं.
प्रमुख संशोधकाचा नोकरीचा करार
प्रकल्प संपेपर्यंत चालू असला पाहिजे.
प्रकल्प चोवीस महिन्यांचा.
माझा करार उरलाय चौदा.
चोवीसातले चौदा. सवयीने संक्षिप्त रूप देते:
सात छेद बारा.
सातबारा!
गावाकडे जमीन कुणाची ते सांगणारा कागद.
इथे माझ्या नावावर
एवढाच उतारा निघतो.

अकरा एकतीसला फोन लावला.
शैखा जागीच होती, उद्याचे गणवेश इस्त्री करत.
ती अरबीत, मी इंग्रजीत,
मधे दोघींचं मोडकंतोडकं.
म्हटलं, अर्जात दोन ओळी आहेत, मधे आडवी रेघ.
वर प्रमुख, खाली सहसंशोधक.
तुझं नाव वर घेते, माझं खाली.

ती थांबली. इस्त्रीची वाफ ऐकू आली.
"आणि पैसे आले, तू गेलीस तर?"
तर काम तुझ्याकडे आहे, म्हटलं.
तुझाच प्रश्न आहे.
"माझ्याकडे पीएचडी नाही."
तशी अट नाही. तीन वेळा वाचलं मी.
"म्हणजे, उलटा करून?"
"हो."
"का?"
ह्या वेळी कारण मला येत होतं.
सांगितलं. ती हसली नाही,
पण इस्त्री पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

अकरा पन्नास. नावं बदलली, सही, शिक्का, ओळखपत्राची प्रत.
बोट बटणावर, तेवढ्यात तिचा निरोप:
'कात्र्यांत डावखुऱ्या दोन लिही.
मरियम आणि मी.'

मागे गेले. चार पानं मागे.
चाळीस खोडून अडतीस केल्या,
खाली नवी ओळ: 'कात्री, डावखुऱ्यांसाठी, नग दोन.'
एकूण बेरीज पुन्हा जुळवली. दीड रियाल वाढला.

अकरा छप्पन्न.
पडद्यावर एक लांबलचक आकडा आला,
तो वहीत उतरवला.
आता सहा महिने तिकडून काहीच कळणार नाही.

बादली काठोकाठ भरली होती.
उचलून बाहेर गेले,
आणि पाणी दारातल्या कडुनिंबाला घातलं.